एका दिवसाच्या पाहुण्याची पुरी ओळख

(पाण्यात वाढणाऱ्या आणि हवेत मरणाऱ्या एका छोट्या कीटकाची ही माहिती आहे. अशा कीटकाची नवीन जात शास्त्रज्ञ कशी ओळखतात, तिचे वर्णन कसे लिहितात आणि तिला नाव कसे देतात, हे या पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे.)

‘चार दिन की चांदनी’ ही म्हण तुम्ही घरी अनेकदा ऐकली असेल. थोडा काळ टिकणाऱ्या सुखाला आपण तसे म्हणतो. पण निसर्गात असा एक कीटक आहे, की ज्याच्या वाट्याला चार दिवसांचे चांदणेही येत नाही. तो पाण्यातून वर येतो, पंख पसरून उडतो, अंडी घालतो आणि काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत, मरून जातो. अमेरिकेत याची एक जात अशी आहे, की तिची प्रौढ मादी पाच मिनिटेसुद्धा जगत नाही.

या कीटकाला इंग्रजीत मेफ्लाय म्हणतात. मेफ्लाय म्हणजे मे महिन्यातील माशी. इंग्लंडमध्ये त्या महिन्यात ती खूप दिसते, म्हणून हे नाव पडले. खरे पाहता ती माशी नव्हे. घरातल्या माशीला दोनच पंख असतात. मेफ्लायला बहुधा चार पंख असतात, पुढचे दोन मोठे आणि मागचे दोन लहान. बसताना ती पंख आडवे पसरत नाही, तर पाठीवर उभे जोडून धरते. तिच्या शेपटीकडे दोन किंवा तीन लांब धागे असतात. शास्त्रज्ञ या कीटकांच्या गणाला एफेमेरॉप्टेरा म्हणतात. हे नाव ग्रीक भाषेतून आले आहे. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘एक दिवस टिकणारा’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘पंख’ असा आहे. जगात या गणातील साडेतीन हजारांहून अधिक जाती आतापर्यंत ओळखल्या गेल्या आहेत आणि दरवर्षी त्यांत नव्या जातींची भर पडत आहे.

पण ‘एका दिवसाचा पाहुणा’ हे वर्णन अर्धेच खरे आहे. आपण फक्त उडणारी मेफ्लाय पाहतो, म्हणून तिचे आयुष्य आपल्याला इतके छोटे वाटते. तिचे पहिले आणि मोठे आयुष्य पाण्याखाली जाते. मादी पाण्यात शेकडो, कधी हजारो अंडी घालते. त्यांतून जे पिल्लू निघते, त्याला अर्भक म्हणतात. हे अर्भक नदीच्या, ओढ्याच्या किंवा तळ्याच्या तळाशी महिनोन्‌महिने राहते. काही जातींची अर्भके तर दोन-तीन वर्षे पाण्यात काढतात. दगडांवरचे शेवाळ आणि कुजलेला पाला हे बहुतेकांचे अन्न असते. त्यांच्या उदराच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे किंवा पिसांसारखे नाजूक कल्ले असतात. या कल्ल्यांच्या मदतीने ती पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. अर्भक वाढताना पुन्हा पुन्हा कात टाकते.

वाढ पूर्ण झाली, की अर्भक पाण्याच्या पृष्ठभागावर किंवा एखाद्या दगडावर येते. त्याची पाठ उकलते आणि आतून पंख असलेला कीटक बाहेर पडतो. तुम्हांला वाटेल, झाली ही प्रौढ मेफ्लाय! पण तसे नाही. या अवस्थेत तिचे पंख मळकट, धुरकट असतात आणि अंगाचा रंग फिका असतो. हिला उपप्रौढ अवस्था म्हणतात. ती उडत जाऊन एखाद्या पानावर बसते आणि पुन्हा एकदा कात टाकते. आता मात्र तिचे पंख काचेसारखे स्वच्छ होतात. पंख फुटून उडू लागल्यावरही कात टाकणारा कीटक आजच्या जगात हा एकटाच आहे.

प्रौढ मेफ्लाय काहीही खात नाही. तिचे तोंड निकामी झालेले असते आणि तिच्या आतड्यांत अन्नाऐवजी हवा भरलेली असते. अनेक जातींचे नर संध्याकाळी पाण्यावर थवे करून वर-खाली नाचल्यासारखे उडतात. मादी थव्यात शिरली, की नर तिला आपल्या लांब पुढच्या पायांनी पकडतो. त्यानंतर मादी पाण्यात अंडी सोडते आणि थोड्याच वेळात दोघांचेही आयुष्य संपते.

म्हणजे या एकाच जिवाची दोन रूपे झाली. एक पाण्यातले, कल्ले असलेले, खाणारे. दुसरे हवेतले, पंख असलेले, उपाशी. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, तर अनोळखी माणूस त्यांना एकाच कुटुंबातले म्हणणार नाही. आता प्रश्न असा, की एखाद्या शास्त्रज्ञाला ओढ्यात एक अनोळखी अर्भक सापडले आणि काठावर एक अनोळखी प्रौढ सापडला, तर ते दोन्ही एकाच जातीचे आहेत, हे त्याने कसे ठरवायचे?

हा प्रश्न किती अवघड आहे, ते एका खऱ्या गोष्टीवरून कळेल. 1762 साली फ्रान्समधील जोफ्रवा नावाच्या एका वैद्याने कीटकांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने पाण्यात सापडणाऱ्या एका विचित्र, अगदी लहान प्राण्याचे वर्णन केले. या प्राण्याच्या पाठीवर ढालीसारखे कवच होते आणि मागे पिसांसारखी छोटी शेपटी होती. कवच पाहून लोकांना वाटले, की हा कोळंबी आणि खेकडा यांच्या वर्गातला प्राणी असावा. 1833 साली लात्रेय या मोठ्या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने त्याला प्रोसोपिस्टोमा असे नाव दिले. त्यानेही त्याला कवचधारी प्राण्यांतच बसवले. पुढे 1870 च्या दशकात तुलूझ शहरातील निकोला जोली आणि त्यांचा मुलगा एमिल यांनी हा प्राणी बारकाईने तपासला. त्याला सहा पाय आहेत, म्हणून तो कीटकच आहे, असे त्यांनी दाखवून दिले. तो दुसरातिसरा कोणी नसून मेफ्लायचे अर्भक होते! पुढे अशा अर्भकातून पंख असलेला कीटक बाहेर पडताना पाहण्यात आला, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. या प्रजातीच्या जाती आपल्या भारतातही आढळतात.

विचार करा, विद्वान माणसेसुद्धा शंभर वर्षांहून अधिक काळ एका कीटकाला खेकड्याचा नातेवाईक समजत होती. त्यांची नजर कमी नव्हती. त्यांनी त्या जिवाचे एकच रूप पाहिले होते, एवढेच. म्हणून आजचे शास्त्रज्ञ मेफ्लायच्या नव्या जातीचे वर्णन करताना शक्य तेथे अर्भक आणि प्रौढ या दोन्ही रूपांचे वर्णन करतात. हे काम कसे चालते, ते आता क्रमाने पाहू.

पहिले काम म्हणजे नमुने गोळा करणे. वन खात्याची आणि इतर आवश्यक परवानगी घेऊन शास्त्रज्ञ ओढ्यावर जातात. प्रवाहात जाळी धरून तिच्या वरच्या अंगाचे दगड हलवले, की सुटलेली अर्भके वाहत जाळीत येतात. दगड उचलून त्यांच्या खालच्या बाजूला चिकटलेली अर्भकेही मऊ चिमट्याने काढतात. अंधार पडल्यावर काठावर पांढरा कपडा ताणून त्याच्यापुढे दिवा लावतात. उजेडाकडे येणारे प्रौढ त्या कपड्यावर बसतात. ठिकाणाचे नाव, तारीख आणि पाण्याची स्थिती यांची नोंद तेथेच केली जाते. अशी नोंद नसलेल्या नमुन्याला शास्त्रात फारशी किंमत नसते.

दुसरे काम सर्वांत नाजूक आहे. ते म्हणजे अर्भकाचा प्रौढ होऊ देणे. ज्या अर्भकाच्या पाठीवरचे पंखांचे कोंब काळे पडले आहेत, ते लवकरच बाहेर पडणार, असे समजतात. असे एकेक अर्भक वेगळ्या भांड्यात ठेवतात. पाणी थंड आणि हवेशीर राहील, याची काळजी घेतात आणि वर जाळी बांधतात. उपप्रौढ बाहेर आला, की त्याला कोरड्या जागी हलवून दुसऱ्यांदा कात टाकू देतात. मग तो प्रौढ आणि त्याने पाण्यात सोडलेली कात, दोन्ही एकाच कुपीत अल्कोहोलमध्ये ठेवतात. ही रिकामी कात म्हणजे त्या प्रौढाचा जणू जन्माचा दाखलाच! तिच्यावर अर्भकाच्या जबड्यांची, नखांची आणि कल्ल्यांची खूण असते. हा प्रौढ याच अर्भकातून आला, हे त्यामुळे कोणालाही तपासता येते.

आता यासाठी आणखी एक साधन मिळाले आहे. प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाचा पदार्थ असतो. 2003 सालापासून शास्त्रज्ञ त्याचा एक ठरावीक छोटा तुकडा वाचून प्राण्यांच्या जाती ओळखू लागले. अर्भकाचा आणि प्रौढाचा हा तुकडा जुळला, तर दोघे एकाच जातीचे असल्याचा भक्कम पुरावा मिळतो. तरीही भांड्यात अर्भक वाढवण्याची जुनी पद्धत टाकाऊ झालेली नाही. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील, तर खात्री अधिक वाटते.

तिसरे काम म्हणजे निरीक्षण. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवून कीटकाचा एकेक अवयव पाहिला जातो. प्रौढ नराकडे विशेष लक्ष देतात. त्याच्या उदराच्या टोकाला मादीला धरण्यासाठी चिमट्यासारखे अवयव असतात. त्यांचा आकार बहुतेक जातींत वेगवेगळा असतो. नराचे डोळे मादीपेक्षा मोठे असतात. काही जातींत तर प्रत्येक डोळ्याचे दोन भाग झालेले असतात आणि वरचा भाग छत्रीसारखा उंच दिसतो. पंखांवरील शिरांची मांडणी, पायांची लांबी, अंगावरचे ठिपके आणि पट्टे यांचीही नोंद होते. अर्भकाच्या बाबतीत तोंडाचे भाग अलग करून काचपट्टीवर बसवतात. कल्ल्यांच्या जोड्या किती आहेत, त्यांचा आकार कसा आहे, नखाला आतून किती दाते आहेत, हे मोजतात. सर्व मापे मिलिमीटरमध्ये घेतात. प्रत्येक महत्त्वाच्या भागाचे चित्र काढतात. मेफ्लायचे चित्र काढण्याची ही परंपरा फार जुनी आहे. नेदरलँड्स देशातील यान स्वामरडॅम या शास्त्रज्ञाने 1675 साली मेफ्लायच्या जीवनावर एक संपूर्ण पुस्तक प्रसिद्ध केले होते. अर्भकाच्या शरीराच्या आतील अवयवांची चित्रेही त्याने काढली होती.

चौथे काम धीराचे आहे. आपल्या हातातला कीटक ‘नवा’ आहे, हे असेच म्हणता येत नाही. आजवर वर्णन झालेल्या जवळच्या सर्व जातींशी तो ताडून पाहावा लागतो. त्यासाठी जुने लेख वाचावे लागतात. प्रसंगी दूरच्या संग्रहालयांतील नमुने तपासावे लागतात. कधी असे आढळते, की ‘नवी’ वाटलेली जात शंभर वर्षांपूर्वीच दुसऱ्या कोणीतरी नोंदवलेली आहे. कधी एका शास्त्रज्ञाने अर्भकाला एक नाव दिलेले असते आणि दुसऱ्याने त्याच जातीच्या प्रौढाला दुसरे नाव दिलेले असते. अशा वेळी आधी दिलेले नाव साधारणपणे कायम राहते. प्राण्यांच्या नावांची ही मोजणी 1758 सालापासून धरतात. त्या वर्षी स्वीडनच्या कार्ल लिनीअस यांच्या प्रसिद्ध ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली होती.

फरक खात्रीचा ठरला, म्हणजे नाव देण्याची वेळ येते. शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. नाव गुणावरून, गावावरून किंवा माणसाच्या सन्मानार्थ ठेवतात. लिनीअस यांनी एका मेफ्लायला एफेमेरा व्हल्गाटा असे नाव दिले. व्हल्गाटा म्हणजे नेहमी दिसणारी. आपल्या देशातले उदाहरण घ्या. तमिळनाडूत पश्चिम घाटाच्या पायथ्याशी कुर्तालम नावाचे धबधब्यांचे गाव आहे. शिवरामकृष्णन या भारतीय शास्त्रज्ञाने 1984 साली एका मेफ्लायला पीटरसुला कुर्तालेन्सिस असे नाव दिले. त्यातील पहिला शब्द मेफ्लायचे अभ्यासक विल्यम पीटर्स यांच्या नावावरून आणि दुसरा कुर्तालम गावावरून आला आहे. एका छोट्याशा कीटकामुळे त्या गावाचे नाव विज्ञानात कायमचे लिहिले गेले. शास्त्रज्ञ मात्र नव्या जातीला स्वतःचे नाव देत नाही. तसा संकेत आहे.

नाव देताना गोळा केलेल्या नमुन्यांतून एक नमुना निवडतात. त्याला होलोटाइप म्हणतात. आपण त्याला ‘मूळ नमुना’ म्हणू. हा नमुना संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे कोणालाही शंका आली, तर त्याने येऊन या मूळ नमुन्याशी ताडून पाहावे. आपल्या देशात असे नमुने जपणारी मोठी संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. ती 1916 साली स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय कोलकात्यात आहे आणि पुण्यातही तिचे एक केंद्र आहे. शेवटी वर्णन, चित्रे, मापे, ठिकाण आणि नावाचा अर्थ हे सर्व एका लेखात लिहून शास्त्रीय नियतकालिकात छापतात. त्याआधी इतर जाणकार तो लेख तपासतात. छापून आल्यानंतरच ते नाव अधिकृत होते.

तुम्ही विचाराल, एवढ्याशा कीटकासाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर तुमच्या वर्गातच आहे. वर्गात रोज हजेरी होते. हजेरीपटावर ज्याचे नाव आहे, तो एक दिवस आला नाही, तरी लगेच कळते. ज्याचे नावच नाही, तो आला काय आणि गेला काय, कोणालाच पत्ता लागत नाही. नव्या जातीचे वर्णन करणे म्हणजे निसर्गाच्या हजेरीपटावर तिचे नाव लिहिणे होय.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सरहद्दीवर एरी नावाचे प्रचंड सरोवर आहे. त्याच्या पश्चिम भागातील चिखलात हेक्साजेनिया या प्रजातीच्या मेफ्लायची असंख्य अर्भके राहत. शहरांचे सांडपाणी आणि शेतातील खत सरोवरात जाऊ लागले. त्यामुळे शेवाळ माजले आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपू लागला. 1953 साली तळाजवळच्या पाण्यात प्राणवायू इतका घटला, की अर्भके मोठ्या संख्येने मेली. पुढच्या काही वर्षांत ही मेफ्लाय तेथून जवळजवळ नाहीशी झाली. तिची ओळख आणि मोजदाद आधी झालेली होती, म्हणूनच ती ‘गैरहजर’ असल्याचे कळले. सरोवर आजारी आहे, हे लोकांच्या लक्षात आले. 1972 साली दोन्ही देशांनी पाणी स्वच्छ करण्याचा करार केला आणि 1990 च्या दशकात मेफ्लाय परत आली. आता तिचे थवे एवढे मोठे असतात, की पावसाचे ढग पाहणाऱ्या रडार यंत्रावरही ते दिसतात.

सर्वच गोष्टींचा शेवट असा गोड होत नाही. स्वामरडॅमने ज्या मोठ्या मेफ्लायची चित्रे काढली, ती आज त्याच्या देशात उरलेली नाही. तिचे मोठे थवे आज हंगेरीतील तिसा नदीवर पाहायला मिळतात. जून महिन्यात तेथे लाखो मेफ्लाय एकदम पाण्यातून वर येतात. तेव्हा लोक म्हणतात, की तिसा नदी फुलली! तीन वर्षे नदीच्या तळाच्या मातीत बिळात राहिलेली अर्भके त्या एका संध्याकाळसाठी बाहेर येतात.

मेफ्लायची बहुतेक अर्भके स्वच्छ, प्राणवायू असलेल्या पाण्यातच जगू शकतात. म्हणून नदीचे आरोग्य तपासणारे लोक पाण्याबरोबर हे कीटकही तपासतात. पाण्याची बाटली भरून नेली, तर त्या क्षणीच्या पाण्याची माहिती मिळते. अर्भक मात्र तेथे कित्येक महिने राहिलेले असते. मागे केव्हा विषारी पाणी वाहून गेले, हे बाटली सांगणार नाही, पण नाहीसे झालेले अर्भक सांगेल.

आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही मेफ्लाय राहतात. शाळेची सहल पावसाळ्यानंतर एखाद्या उथळ ओढ्यावर गेली, तर शिक्षकांच्या परवानगीने पाण्यातला एक दगड हळूच उलटा करून पाहा. एखादा चपटा, सहा पायांचा जीव पळताना दिसेल. त्याच्या शेपटीचे धागे मोजा. उदराच्या बाजूंना हलणारे कल्ले दिसतात का, तेही पाहा. मग दगड जसा होता तसाच परत ठेवा, कारण ते कोणाचे तरी घर आहे. तुम्ही पाहिलेल्या जिवाचे नाव कदाचित हजेरीपटावर असेल, कदाचित अजून लिहायचे राहिले असेल.

शब्दार्थ

अर्भक – (येथे अर्थ) कीटकाचे पंख न फुटलेले पिल्लू
प्रौढ – पूर्ण वाढ झालेला
उदर – पोट
थवा – झुंड
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
पुरावा – सबूत
संकेत – (येथे अर्थ) रूढ पद्धत, रिवाज
खटाटोप – धडपड, खूप मेहनत

स्वाध्याय

1. ‘एका दिवसाचा पाहुणा’ हे मेफ्लायचे वर्णन अर्धेच खरे आहे, असे लेखकाने का म्हटले आहे?
2. प्रोसोपिस्टोमा या प्राण्याविषयी शास्त्रज्ञांची चूक कशामुळे झाली? ती कोणी दुरुस्त केली?
3. अर्भकाने टाकलेल्या कातीला ‘जन्माचा दाखला’ का म्हटले आहे?
4. ‘निसर्गाचा हजेरीपट’ ही कल्पना एरी सरोवराच्या उदाहरणाने पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
5. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : कात टाकणे, पत्ता न लागणे, भर पडणे.
6. तुमच्या परिसरातील एखाद्या कीटकाचे निरीक्षण करा. त्याचे नाव न लिहिता असे वर्णन लिहा, की वर्गमित्रांना तो ओळखता येईल.